हिप्पोकॅम्पसरक्षक किरणोपचार

मेंदूतील गाठींवर किरणोपचार करताना, नव्या आठवणी नोंदविणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागावर पडणारी किरणमात्रा हेतुतः कमी राखण्याची पद्धत. कानशिलांच्या आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंस असलेल्या या जोडरचनेचे महत्त्व अमेरिकेतील हेन्री मोलेसन या रुग्णामुळे स्पष्ट झाले. १९५३ मध्ये अपस्मारावरील उपाय म्हणून त्याच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग दोन्ही बाजूंनी काढण्यात आला, तेव्हा बालपणच्या आठवणी शाबूत राहिल्या, पण नवी घटना लक्षात ठेवण्याची शक्ती गेली. हिप्पोकॅम्पसमधील मूळपेशींपासून नव्या चेतापेशी बनण्याची क्रिया किरणांमुळे खुंटते आणि भोवती दाह होतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले. प्रौढ माणसात ही निर्मिती कितपत होते, याविषयी मात्र मतभेद आहेत.

कर्करोग मेंदूत अनेक ठिकाणी पसरल्यास संपूर्ण मेंदूला बहुधा १० हप्त्यांत ३० ग्रे मात्रा देतात (एक किलोग्रॅम ऊतीने एक जूल ऊर्जा शोषल्यास ती एक ग्रे). रक्षक पद्धतीत एमआरआय चित्रांवर हिप्पोकॅम्पस रेखून, त्याभोवती ५ मिमी. रुंदीची संरक्षक कड धरून, झोतांची तीव्रता जागोजागी बदलत ठेवतात, त्यामुळे हिप्पोकॅम्पसवरील कमाल मात्रा सुमारे १६ ग्रेपर्यंत रोखता येते. जोडीला अल्झायमर रोगात वापरले जाणारे मेमँटिन हे औषध २४ आठवडे देतात.

स्मृतीची परीक्षा साधी असते: १२ शब्दांची यादी तीनदा ऐकवून, सुमारे २०-२५ मिनिटांनी त्यांतले किती आठवतात ते पाहतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५१८ रुग्णांच्या चाचणीत रूढ व रक्षक पद्धतीने किरण दिलेल्या दोन्ही गटांना मेमँटिन दिले होते. त्यांपैकी हिप्पोकॅम्पस वाचविलेल्या गटात बौद्धिक ऱ्हासाचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी आढळला, आणि आयुर्मानात फरक पडला नाही. ऱ्हास थांबला नाही, तो कमी झाला, हे येथे विसरता कामा नये. नेदरलँड्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगात मेंदूला प्रतिबंधक म्हणून दिलेल्या हिप्पोकॅम्पसरक्षक किरणोपचाराच्या चाचणीत तर असा लाभ दिसलाच नाही.

गाठ हिप्पोकॅम्पसच्या ५ मिमी. परिसरात असल्यास ही पद्धत वापरत नाहीत. गाठी मोजक्या असल्यास संपूर्ण मेंदूला किरण न देता गाठीपुरताच अचूक झोत देणे हाच स्मृतिरक्षणाचा अधिक चांगला मार्ग होय. मेंदूतच उद्भवलेल्या गाठींबाबतही हेच तत्त्व लागू पडते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ३ ते २५ वर्षे वयाच्या, सौम्य वा मंदगतीने वाढणाऱ्या गाठी असलेल्या २०० रुग्णांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गाठीच्या आकाराबरहुकूम नेमके किरण दिलेल्यांचा बुद्ध्यंक पाच वर्षांच्या कालावधीत रूढ पद्धतीपेक्षा सरस राहिला.