हिगिन्सच्या सपाता

राजदूताच्या बंगल्यातली झगमगती मेजवानी. कालपरवापर्यंत रस्त्यावर फुलं विकणारी एलायझा तिथे राजघराण्यातली म्हणून खपून जाते. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’चं नाव काढलं की हा प्रसंग हमखास आठवतो. मूळ नाटकात मात्र तो रंगमंचावर नाहीच! १९१४ साली लंडनच्या प्रेक्षकांना एलायझा दिसली ती समारंभ आटोपून दमूनभागून घरी परतलेली.

मेजवानी आली सिनेमामुळे. १९३५चा जर्मन आणि १९३७चा डच ‘पिग्मॅलियन’ पाहून शॉ वैतागले होते. तरीही गॅब्रिएल पास्कल या खिसा रिकामा असलेल्या हंगेरियन निर्मात्याने त्यांना पटवलं. १९३८च्या इंग्रजी चित्रपटासाठी शॉनी स्वतः पटकथा लिहिली, नाचाच्या मेजवानीसकट. तिथला हंगेरियन उच्चारतज्ज्ञ छातीठोकपणे सांगतो, ही मुलगी इंग्रज नव्हे, हंगेरियनच. निर्माता हंगेरियन असताना हा चिमटा अधिकच झोंबरा वाटतो. स्पेनच्या पावसाचं ते प्रसिद्ध उच्चारवाक्यही याच चित्रपटातलं. १९१४च्या नाटकात ते शोधून सापडायचं नाही.

शेवटावर मात्र शॉ हरले.

तो झगडा जुनाच. पहिल्या लंडन प्रयोगांत एलायझाला घडवणारा उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स झालेले बीअरबोम ट्री पडदा पडता पडता एलायझाकडे फुलं फेकत. त्या फुलांतून सुचवलेलं दोघांचं लग्न शॉना साफ नामंजूर होतं. म्हणून १९१६ साली त्यांनी नाटकाला लांबलचक उपसंहार जोडला आणि एलायझाला तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लग्न करून फुलांचं दुकान थाटायला लावलं. अँथनी अ‍ॅस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड या दिग्दर्शकांच्या चित्रपटात ती परत येते. हिगिन्स तिच्याकडे पाठ फिरवून घरातल्या सपाता मागतो. लेखकाच्या नाकावर टिच्चून केलेला हा शेवट प्रेक्षकांना आवडला, हे शॉच्या चाहत्यांनाही कबूल करावं लागेल. पटकथेला ऑस्कर मिळालं, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या शॉना तो सन्मान नव्हे, अपमान वाटला.

१९४१च्या छापील आवृत्तीत त्यांनी मेजवानी घेतली, सपातांचा शेवट नाही. तिथे हिगिन्स फ्रेडीच्या नावाने खदखदून हसतो. हयात असेपर्यंत या नाटकाचं संगीतक करू द्यायलाही त्यांनी नकार दिला. १९५० साली ते वारले. १९५६ साली ‘माय फेअर लेडी’ हे त्यावरचं संगीतक रंगमंचावर आलं, त्यात मेजवानी होती, स्पेनचा पाऊस होता आणि शेवटी सपाताही. १९६४चा चित्रपटही तसाच संपला; त्याला आठ ऑस्कर मिळाली. मराठीत याच नाटकावर बेतलेली पु. लं.ची ‘ती फुलराणी’ अवतरली ती त्यानंतर, १९७५ साली.