घाटवाटांवरचे दाते

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात एका ठेवीचा हिशेब कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि सोबत 3000 कार्षापण कायमचे गुंतवले. रक्कम ठेवली ती नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे. एकीकडे 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1000, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, खर्च व्याजातूनच करायचा. 2000 चे वर्षाचे व्याज होते 240. लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे, म्हणजे नेमके तेवढेच. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला गेला आणि फलकावर नोंदवला गेला.

राजघराण्यातला माणूस कायमची ठेव विणकरांकडे सोपवतो, यावरून त्या श्रेणींची पत दिसते.

ही पत व्यापारातून आली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तेर इथून भडोचच्या बंदराकडे गाड्यांनी जाणाऱ्या मालाचे वर्णन आहे. पैठणचे मौल्यवान दगड आणि तेरचे सुती कापड त्या बंदरातून परदेशी जहाजांवर चढे. कोकणातली सोपारा आणि कल्याण ही बंदरे सह्याद्रीतल्या घाटांनी देशावरच्या बाजारपेठांना जोडलेली होती. नाणेघाट चढून आले की जुन्नर, बोरघाटाच्या माथ्याजवळ कार्ले. भिक्षूंनी लेण्यांसाठी डोंगर निवडले, पण वाहत्या वाटेपासून फार दूरचे नव्हे. भिक्षा आणि दान त्याच वाटेने यायचे.

उषवदाताच्या दानातही हे रस्ते दिसतात. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे त्याने धर्मशाळा बांधल्या. तापी, दमणगंगा, पार अशा नद्यांवर धर्मार्थ नावा ठेवल्या. ब्राह्मणांना गाई आणि गावे देणारा हाच माणूस बौद्ध संघाचाही आश्रयदाता होता.

दात्यांत राजेरजवाडे मात्र थोडेच. कार्ल्याचे सुमारे 38 मीटर लांबीचे चैत्यगृह वैजयंती नगरीचा श्रेष्ठी (सावकार) भूतपाल याने पूर्ण करवले, असे तिथला लेख सांगतो. आतल्या अनेक खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे आहेत. दरवाजाच्या कामाशी त्याच गावच्या सिंहदत्त या अत्तर-गंधाच्या व्यापाऱ्याचे आणि सामी नावाच्या सुताराचे नाव जोडलेले आहे. कान्हेरीला कल्याणच्या सामीदत्त सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दिले. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी खोदवली. भिक्षुणींचीही दाने आहेत. व्यापाराने या माणसांच्या हाती पैसा दिला, आणि संघाने त्यांना आपले नाव, गाव आणि धंदा दगडावर लिहिण्याची जागा दिली. प्राचीन महाराष्ट्रातल्या कारागिरांना आपण आज नावानिशी ओळखतो, ते बहुतांशी या दानलेखांमुळेच.

वर्णाची उतरंड मात्र तशीच उभी होती. नाणेघाटातल्या लेखात सातवाहन राणी नागनिकेने यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, नाण्यांची यादी कोरवली. हा घाट व्यापाऱ्यांच्या रोजच्या वापरातला होता. पुढे नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याने वर्णसंकर थांबवला, अशी त्याची स्तुती केली. तेच लेणे तिने भद्रायणीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना दिले. राजसत्तेला वैदिक प्रतिष्ठा हवी होती आणि वाटेवरच्या विहारांचा सद्भावही.

नाशिकच्या त्याच डोंगरात मुगुदास नावाच्या मासेमाराने दिलेले छोटे लेणे आहे. एका उपासकाच्या धर्मनंदी नावाच्या मुलाने या लेण्याला शेत दिले, तिथल्या भिक्षूच्या वस्त्राचा खर्च त्यातून भागावा म्हणून.