तुटलेले दुवे, स्थानिक ई-अभ्यासक्रमांतील

पेनड्राइव्ह, सीडी, संगणकाची हार्ड डिस्क किंवा शाळेतला छोटा सर्व्हर यांवरून, म्हणजे इंटरनेटचा आधार न घेता चालणाऱ्या ई-अभ्यासक्रमात जो दुवा दाबल्यावर अपेक्षित पान, चित्र, चित्रफीत किंवा स्वाध्याय उघडत नाही, त्याला तुटलेला दुवा म्हणतात. हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. महाजालावरचा दुवा तुटतो तेव्हा बहुधा पलीकडचे पानच नाहीसे झालेले असते. स्थानिक अभ्यासक्रमात मात्र फाइल बहुतेक वेळा त्याच पेनड्राइव्हवर शाबूत असते. चुकलेला असतो तो पत्ता. म्हणून येथे हरवलेली फाइल शोधण्याआधी लिहिलेला पत्ता वाचावा लागतो.

अशा अभ्यासक्रमांचा वापर मोठा आहे. मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प मराठीसह अनेक भारतीय भाषांतले संगणक-पाठ ऑफलाइन वापरासाठीही देतो. लर्निंग इक्वालिटी या संस्थेचे ‘कोलिब्री’ रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकावरून वर्गभर धडे पुरवते. २००७ साली सुरू झालेले ‘किविक्स’ अख्खा विकिपीडिया एका झिम फाइलमध्ये बांधते. सारी पाने एकाच गाठोड्यात राहत असल्याने किविक्समध्ये पाने इकडे-तिकडे होऊन दुवे तुटण्याचा धोका फार कमी आहे. अडचण येते ती सुट्या फाइलींच्या, हाताने जोडलेल्या अभ्यासक्रमांत.

सर्वांत जास्त आढळणारे कारण सर्वांत साधेही आहे. अभ्यासक्रम झिप करून पाठवला जातो आणि शिक्षक विंडोजमध्ये तो न उलगडताच आतल्या पहिल्या पानावर दोनदा क्लिक करतात. विंडोज तेवढीच एक फाइल तात्पुरत्या फोल्डरात काढून दाखवते. पहिले पान उघडते, पण चित्रे दिसत नाहीत आणि कोणताही दुवा चालत नाही. फोल्डर पूर्ण उलगडले की तक्रार तिथेच मिटते. उलगडतानाही फोल्डरात फोल्डर असे खोल नेऊ नये, कारण विंडोजमधील अनेक प्रोग्रॅम २६० अक्षरांपलीकडचा पत्ता वाचत नाहीत.

दुसरे कारण अभ्यासक्रम तयार करणाऱ्याच्या टेबलावर जन्मते. दुव्यात पूर्ण पत्ता लिहिला जातो : सी ड्राइव्ह, त्यात वापरकर्त्याचे नाव, त्यात डेस्कटॉप. त्याच्या संगणकावर तो दुवा निमूट उघडतो, त्यामुळे चाचणीत चूक सापडत नाही. दुसऱ्या संगणकावर ते डेस्कटॉपच नसते. पेनड्राइव्हला एका यंत्रावर ई आणि दुसऱ्यावर एफ हे अक्षर मिळाले तरी हेच घडते. उपाय म्हणजे सापेक्ष पत्ता, म्हणजे ‘या पानाच्या शेजारच्या चित्रे नावाच्या फोल्डरात’ अशा स्वरूपाचा. त्यातही एक बारकावा आहे. पत्त्याच्या सुरुवातीला तिरकी रेघ असेल, तर ब्राउझर मुळापासून शोध घेतो. सर्व्हरवर हे मूळ म्हणजे संकेतस्थळाचे मुख्य फोल्डर, तर पेनड्राइव्हवर ड्राइव्हचे टोक. सर्व्हरवर नीट चाललेला अभ्यासक्रम पेनड्राइव्हवर आल्यावर एकाएकी मोडतो, त्यामागे अनेकदा ही एक रेघ असते.

फाइलच्या नावांचा प्रश्न याहून खोल आहे. विंडोज इंग्रजी लिपीतील लहान व मोठी अक्षरे एकच मानते, लिनक्स ती वेगळी मानते. विंडोजवर बनलेला अभ्यासक्रम लिनक्सवर चालणाऱ्या शाळेच्या सर्व्हरवर चढवला की काही दुवे चालतात आणि काही चालत नाहीत. असा अर्धवट बिघाड दिसला की आधी याच कारणाचा संशय घ्यावा. जुन्या सीड्यांवर आणखी एक बंधन होते. १९८८च्या आयएसओ ९६६० मानकाच्या पहिल्या पातळीत नावाला आठ आणि विस्ताराला तीन अक्षरांची मर्यादा होती, त्यामुळे लांब नावे कापली जात. पुढच्या जोलिएट विस्ताराने ही मर्यादा ६४ अक्षरांवर नेली.

देवनागरीतील फाइलनावांबाबत मराठीची स्वतःची एक अडचण आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातील अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो : ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकासाठी ती दोन वेगळी नावे आहेत. एकाने फाइलला नाव दिले आणि दुसऱ्याने वेगळ्या कीबोर्डवरून दुवा टंकला, तर ‘दऱ्या’ हा भूगोलाचा धडा कधीच उघडणार नाही, आणि कितीही डोळे ताणले तरी फरक दिसणार नाही. त्यात भर म्हणजे जुन्या मॅक संगणकांवरील एचएफएस प्लस ही फाइलरचना ऱ हे अक्षर फोडून र आणि नुक्ता असे साठवते. तेथून लिनक्सवर गेलेली फाइल पुन्हा जुळत नाही. शिवाय पत्त्यात देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटांची आणि लिहिताना टक्क्यांच्या चिन्हांसह नऊ अक्षरांची होते. पाच खुणांचा ‘दऱ्या’ पंचेचाळीस अक्षरे घेतो. यासाठी फाइलनावे लहान रोमन अक्षरे, अंक आणि आडवी रेघ एवढ्यांतच ठेवावीत, मोकळी जागाही टाळावी. यात मराठीला कमीपणा नाही. फाइलचे नाव यंत्रासाठी असते. मुलाला दिसणारे धड्याचे शीर्षक शुद्ध मराठीत, हव्या तेवढ्या लांबीचे देता येते.

पत्ता अचूक आणि फाइल जागेवर असूनही दुवा अडतो, तेव्हा अडवणारा ब्राउझर असतो. ब्राउझरची सुरक्षेविषयीची ही काळजी जुनी आहे. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ नंतर इंटरनेट एक्सप्लोररने डिस्कवरील पानांतल्या सक्रिय मजकुराला पिवळी पट्टी दाखवून रोखायला सुरुवात केली. फ्लॅश प्लेअर ८ पासून डिस्कवरील फ्लॅश धड्याला आपणहून एकतर स्थानिक फाइली किंवा इंटरनेट, दोहोंपैकी एकच खुले राहिले. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने मजकूर चालवणेच थांबवले. त्या काळातल्या धड्यांचे दुवे दुरुस्त करण्यात अर्थ नाही, ते धडे एचटीएमएल ५ मध्ये पुन्हा बांधावे लागतात. आज क्रोम, आणि २०१९ च्या ६८व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स, डिस्कवरून उघडलेल्या प्रत्येक फाइलला परकी मानतात. त्यामुळे धड्यांची यादी दुसऱ्या फाइलीतून वाचणारे मुखपृष्ठ कोरे दिसते. सुरक्षेच्या सोयी बंद करण्याचा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो. तो शाळेच्या संगणकावर मुळीच मानू नये. अभ्यासक्रम त्याच संगणकावर छोट्या वेब सर्व्हरमधून चालवावा. पायथनमध्ये असा सर्व्हर अंगभूतच असून तो एका ओळीच्या आज्ञेने सुरू होतो.

मूडलसारख्या अध्यापन-प्रणालीत स्कॉर्म या ई-धड्यांच्या मानकानुसार बांधलेली झिप चढवताना आतल्या फाइली निवडून झिप करावी, त्यांचे फोल्डर नव्हे. नाहीतर झिपमधले फाइलींचे सूचिपत्र एक पायरी आत जाते आणि प्रणालीला ते सापडत नाही.

बाहेरच्या संकेतस्थळांकडे जाणारे दुवे हा वेगळा विषय. २०१३ साली महाजालावर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती, असे प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये मांडले. पण जिथे जोडणीच नाही तिथे जिवंत दुवाही मेलेलाच. शहरातला विद्यार्थी दुसरी वाट शोधून काढतो. नेट न पोहोचलेल्या वाडीवरच्या मुलीसाठी तो दुवा म्हणजे पुस्तकातून फाटलेले पान आहे. परवाना असेल तर मजकुराची प्रत अभ्यासक्रमातच ठेवावी, नसेल तर दुव्याशेजारी ‘येथे इंटरनेट लागेल’ असे लिहावे आणि धड्याचा गाभा त्यावर सोपवू नये.

तपासणी करताना तक्रार करणाऱ्याला ‘चालत नाही’ याऐवजी ॲड्रेस बारमधली पूर्ण ओळ उतरवून पाठवायला सांगावे. पत्त्यात परक्या माणसाचे नाव, तात्पुरते फोल्डर किंवा टक्क्यांच्या चिन्हांची माळ दिसली की निम्मे निदान झाले. पत्ता ठीक दिसत असेल तर एफ १२ दाबून कन्सोलमधल्या तांबड्या ओळी वाचाव्यात. ‘झेनू’ किंवा ‘लिंकचेकर’सारखी साधने शेकडो दुवे एका दमात पडताळतात, मात्र ब्राउझरने अडवलेला दुवा त्यांना निर्दोष वाटू शकतो. म्हणून वाटपापूर्वी इंटरनेट बंद करून, बनवणाऱ्याचा नसलेल्या संगणकावर, शक्य तर शाळेत असतो तसल्याच जुन्या यंत्रावर, एकदा प्रत्येक धडा माणसाने उघडून पाहावा.

दुरुस्ती झाल्यावरही जुन्या प्रती पेनड्राइव्हांवर फिरत राहतात आणि मिटलेलीच तक्रार पुन्हा येते. त्यासाठी मुखपृष्ठावर आवृत्तीचा क्रमांक व तारीख ठळक छापतात, आणि नवी प्रत जुन्या फोल्डरावर न ओतता जुने फोल्डर आधी काढून टाकतात.