दामाजीची कोठारे आणि नाशिकचा बाजार

आपत्तीच्या काळात जीवनावश्यक वस्तूंचे भाव वाढवणे समर्थनीय आहे काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा निव्वळ नीतीचा म्हणून मांडला जातो. व्यापारी लोभी, ग्राहक नाडलेला, एवढ्यावर चर्चा संपते. मराठी वाङ्मयातील या विषयाची सर्वांत परिचित कथा मात्र इतकी सरळ नाही. महिपतीने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त दामाजीपंतांचे चरित्र येते. मंगळवेढ्याचा हा अधिकारी दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांना मोकळी करून देतो आणि विठ्ठल महाराच्या वेषात बिदरच्या दरबारी जाऊन त्या धान्याची किंमत चुकती करतो. कीर्तनातून आपल्या मनावर ठसते ती दामाजीची करुणा. पण कथेतले धान्य फुकट झालेले नाही. खाणाऱ्याऐवजी दुसऱ्या कोणी त्याचे मोल भरले, इतकेच. आम्हांला खरा प्रश्न तोच वाटतो: चढलेला भाव भरायचा कोणी?

१८७६ मध्ये दख्खनवर पावसाने डोळे वटारले, तेव्हा सरकारने याचे उत्तर अ‍ॅडम स्मिथकडून घेतले. दुष्काळात भाव चढवणारा धान्यव्यापारी हा शिधा संपू नये म्हणून खलाशांना आधीपासूनच बेताने वाढणाऱ्या तांडेलासारखा असतो, असे स्मिथने १७७६ मध्ये लिहिले होते. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. चढ्या भावाच्या ओढीने उत्तरेकडचे धान्य रेल्वेने खरोखरच आले. थळ घाटातून मुंबईस जोडलेला नाशिक जिल्हा तर लोहमार्गावरच होता. परंतु ज्याचे पीक गेले त्याची मजुरीही गेली होती. बाजारात पोती होती, कनवटीला पैसा नव्हता.

सर रिचर्ड टेंपल यांनी १८७४ मध्ये बिहारात ब्रह्मदेशचा तांदूळ आणून माणसे वाचवली होती आणि खर्चाबद्दल बोल खाल्ले होते. म्हणून की काय, १८७७ मध्ये त्यांनी दुष्काळी कामांवरील मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. व्यापाऱ्याच्या भावाला हात लावायचा नाही हे तत्त्व राखले गेले. कात्री लागली ती मजुरीला. हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. १८७८ मध्ये सुरू झालेल्या धोंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम याच दुष्काळातल्या हातांनी झाले आहे. मनमाडला गाडी बदलताना हे कोणाच्या मनातही येत नाही, असो.

अर्थात दुष्काळ आणि पूर एका मापाने मोजता येत नाहीत. दुष्काळ महिनोन्‌महिने चालतो, दुरून माल येण्यास अवधी असतो. २ ऑगस्ट २०१६ रोजी गोदावरी नाशिकच्या सराफ बाजारात आणि भांडी बाजारात शिरली. अशा वेळी पाणी ओसरेपर्यंत नवा माल येऊच शकत नाही. तेथे चढवलेला भाव काहीही ओढून आणत नाही, समोरच्याची अडचण तेवढी वसूल करतो. त्याचे समर्थन स्मिथच्या आधारेही करता येणार नाही.

मात्र नाशिककर या प्रश्नाकडे केवळ ग्राहक म्हणून पाहू शकत नाहीत. २०१९ मध्ये पावसाने कांदा नासला, भाव चढले, आणि २९ सप्टेंबरला केंद्राने निर्यात बंद करून घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल, किरकोळ विक्रेत्याला १०० क्विंटल अशी साठ्याची मर्यादा घातली. शहरातल्या स्वयंपाकघराला दिलासा हवा होता, हे मान्य. पण येथे दामाजी झाले ते सरकार, आणि मोल भरले ते लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर उभा करणाऱ्याने. ज्याचे निम्मे पीक चिखलात गेले, त्याच्याच उरलेल्या कांद्याचा भाव पाडून. त्याच्या आधीच्याच वर्षी, भाव कोसळलेले असताना, नाशिक जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांद्याचे हाती आलेले १,०६४ रुपये मनिऑर्डरने पंतप्रधानांना पाठवून दिले होते.