अष्ठीला-परीक्षणातील वेदना : ‘भूल’ आणि ‘बधिर’ ह्या शब्दांच्या अनुषंगाने

धुळे-जळगाव हमरस्त्यावरील पारोळा हे अहिराणी बोलीच्या मुलखातील गाव. तेथील वृद्ध शेतकरी ‘दुखस’ म्हणतो तेव्हा तो दुखण्याची एकंदर तक्रार सांगत असतो. ‘दुखी राहिनं’ म्हणतो तेव्हा वेदना त्या क्षणी चालू असते. वैद्यकाचे ह्या दुसऱ्या क्रियापदरूपाकडे कित्येकदा फार उशिरा लक्ष गेले आहे. अष्ठीला ग्रंथीतून सुईने मांसकण काढून केलेल्या परीक्षणाचा, म्हणजे बायॉप्सीचा, इतिहास हे त्याचे ठळक उदाहरण होय.

‘अष्ठीला’ म्हणजे वाटोळा दगड. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या प्रकारांत ‘वाताष्ठीला’ येते, आणि आधुनिक मराठी परिभाषेने हे नाव मूत्राशयाच्या तळाशी असणाऱ्या ग्रंथीस दिले. प्राचीनांना हीच ग्रंथी अभिप्रेत होती, असे त्यावरून सिद्ध होत नाही. बोलण्यात मात्र ‘प्रोस्टेट’ हाच शब्द रूढ आहे. शस्त्रकर्मापूर्वी वेदना न सोसणाऱ्या रुग्णास तीक्ष्ण मद्य पाजावे, हेही सुश्रुतसंहितेत सांगितलेले आढळते.

वेदना हरण करण्याच्या क्रियेस मराठीत दोन निराळे शब्द मिळाले. ‘भूल’ हा ‘भुलणे’ ह्या धातूपासून आलेला. त्यात मनाचे भान जाते. विश्वकोशाच्या परिभाषेतील ‘शुद्धिहरण’ ह्याच अर्थाचे. ‘बधिर’ची वाट वेगळी. संस्कृतात तो कानाने न ऐकणारा. मराठीत त्या अर्थाचा मुख्य भार ‘बहिरा’ ह्या तद्भवाने उचलला (‘मूकबधिर’सारखे समास सोडून), आणि तत्सम ‘बधिर’ कानाकडून कातडीकडे वळला. ‘जागा बधिर केली’ ह्या वाक्यात माणूस शुद्धीवर असतो, बहिरी होते ती केवळ जागा. स्थानिक संवेदनाहरणाची ह्याहून नेटकी व्याख्या सहसा आढळणार नाही.

ती जागा बधिर करण्याचे साधन 1884 पासून उपलब्ध होते. त्या वर्षी कार्ल कोलर ह्यांनी कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखविले. पुढे 1905 साली नोव्होकेन वापरात आले. 1943 साली स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन ह्यांनी लिडोकेन तयार केले, व ते 1948 पासून बाजारात आले. आपल्या रुग्णालयांत ते ‘लिग्नोकेन’ म्हणून परिचित आहे. दुसरीकडे गुदमार्गे अष्ठीलेचा मांसकण काढण्याची पद्धती आस्त्राल्दी ह्यांनी 1937 साली वर्णिली. 1989 साली हॉज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने ठरावीक सहा जागी सुई टोचण्याची रीत मांडली. पुढे ही संख्या दहा-बारांवर गेली. इतक्या टोचण्या होऊनही अनेक ठिकाणी रुग्णाला काहीच दिले जात नसे. औषध होते, गरज मानलेली नव्हती. 1996 साली नॅश व सहकाऱ्यांनी अष्ठीलेकडे जाणाऱ्या मज्जातंतूंभोवती लिडोकेन टोचण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या अभ्यासांत रुग्णालाच शून्य ते दहा अशा पट्टीवर वेदना मोजावयास सांगितले जाऊ लागले, आणि जिला डॉक्टर ‘थोडा त्रास’ म्हणत होते तिला आकडा मिळाला.

उपेक्षेचे एक कारण शरीररचनेत असावे. गुदनलिकेच्या वरच्या भागातील अस्तराला टोचलेले फारसे कळत नाही, म्हणून सुई सोपी वाटते. परंतु ग्रंथीचे वेष्टन संवेदनशील असते, आणि खरी कळ तेथे उठते. म्हणूनच अष्ठीलेचा पाया व शुक्राशय जेथे मिळतात तेथे, दोन्ही बाजूंस, बहुधा एक टक्का द्रावण टोचतात. ध्वनिशलाका आत सरकवतानाचा त्रास मात्र गुदद्वाराचा असतो. तो ह्या टोचणीने जात नाही. मूलाधाराच्या कातडीतून सुई नेण्याची रीत स्वीकारल्यास जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो, परंतु तेथील कातडीही आधी बधिर करावी लागते.

ह्या ठिकाणी शब्दांचा घोळ निरुपद्रवी राहत नाही. ‘भूल द्यावयाची नाही’ असे पारोळ्याच्या रुग्णास सांगितले, की काहीच आराम नाही असे तो समजू शकतो, आणि तपासणी टाळतो. कर्करोगाच्या शंकेत ते परवडण्यासारखे नाही. ‘भूल देतो’ म्हटले, तर झोप लागेल अशी अपेक्षा करून तो टेबलावर जागाच राहतो व घाबरतो. ‘जागा बधिर करतो, तुम्ही जागे राहाल, औषधाची सुई पहिल्यांदा चुरचुरेल, आणि दुखी राहिनं तर लगेच सांगा’, एवढे वाक्य पुरेसे आहे.