गाणाऱ्याचा कान आणि यंत्राचा कान

१९०२ सालच्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग यानें कलकत्त्यास एका हॉटेलच्या खोलींत गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें. त्या कामीं मायक्रोफोन नव्हता कीं विजेचा उपयोग नव्हता. एक भला मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाशीं पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखालीं फिरणारी मेणाची तबकडी, एवढाच सरंजाम. गाणारीनें कर्ण्याशीं तोंड न्यावें व साथीदारांनीं वाद्याच्या जोराप्रमाणें जवळ किंवा दूर बसावें; आवाजाचा तोल सांभाळण्यास अंतराखेरीज दुसरें साधन नव्हतें. गाणारीच्या कानाला जें ऐकूं येई तेंच कर्ण्याला ऐकूं येई. दोन्ही कान एकाच मैफलीचे श्रोते होते.

पुढें या दोन कानांची फारकत झाली. हल्लीं घरीं संगणकापुढें गाणें मुद्रित करणाराला त्या फारकतीचा उपद्रव चांगलाच ठाऊक असतो. तो कानांवर हेडफोन चढवून आधीं तयार केलेली साथ ऐकतो, डोळे मिटून गातो; आणि मागाहून नुसतें गायन ऐकूं जावें, तों त्याच्या पाठीशीं तीच साथ बारीक, पोकळ आवाजांत कुरकुरत असते. हेडफोनच्या गादीतून निसटलेला आवाज मायक्रोफोननें टिपलेला असतो. गायकाला जें ऐकल्यावांचून चालत नाहीं, नेमकें तेंच यंत्राला ऐकूं जाऊं नये, असा हा पेंच आहे.

हेडफोनचा जन्म गाण्यासाठीं झालाच नाहीं. अमेरिकेंतील यूटा प्रांताच्या नॅथॅनियल बॉल्डविन यानें आपल्या स्वयंपाकघरांत जुळविलेले हेडफोन १९१० च्या सुमारास अमेरिकन आरमाराला पसंत पडले. बिनतारी संदेशांची क्षीण टिकटिक कानांत स्पष्ट पडावी, एवढीच तेथें अपेक्षा होती. ती थोडी बाहेर ऐकूं गेली तर कोणाचें कांहीं बिघडत नसे.

१९२५ सालीं विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण सुरू झालें व कर्ण्याच्या जागीं मायक्रोफोन आला. तरी गायक व वादक एका खोलींत, एकाच वेळीं गातवाजवीत असल्यामुळें प्रश्न उपस्थित झाला नाहीं. बोलपटांतहि प्रथम तोच प्रकार होता. 'अयोध्येचा राजा' या प्रभातच्या १९३२ सालच्या चित्रपटाच्या काळांत नटनटी कॅमेऱ्यापुढें स्वतः गात आणि वादक मंडळी चौकटीबाहेर दृष्टीआड बसत. १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें 'धूप छाँव' चित्रपटांत पार्श्वगायनाचा उपयोग केला. गाणें आधीं मुद्रित झालेलें, चित्रीकरणाच्या वेळीं तें लाउडस्पीकरवर मोठ्यानें लागलेलें, व नटानें नुसते ओठ हालवायचे! तेथें आवाज हवा तितका सांडला तरी चालत असे, कारण त्या क्षणीं टिपलें जात होतें तें फक्त चित्र.

आवाजावर आवाज चढविण्याची हौस निराळ्या वाटेनें आली. १९२१ सालीं निवर्तलेल्या कारूसो या इटालियन गायकाच्या जुन्या मुद्रणांना व्हिक्टर कंपनीनें १९३२ सालीं नव्या वाद्यवृंदाची साथ जोडली. १९४१ सालीं सिडनी बेशे यानें एकट्यानें सहा वाद्यें एकामागून एक वाजवून 'द शेख ऑफ अराबी' या गीताची तबकडी केली. पण हा प्रकार खऱ्या अर्थानें घरांत आणला तो लेस पॉल या गिटारवादकानें. १९४८ सालीं प्रसिद्ध झालेलें 'लव्हर' त्यानें घराच्या गॅरेजमध्यें, एका तबकडीवरून दुसरीवर नक्कल करीत, अनेक गिटारांचे थर रचून तयार केलें. मग बिंग क्रॉस्बीकडून मिळालेल्या टेपयंत्राला त्यानें आणखी एक हेड बसविलें. पूर्वींचें मुद्रण वाचून त्यांत नवें मिसळावें व दोन्ही एकत्र पुन्हा त्याच टेपवर लिहावीं, अशी ही युक्ति होती. १९५१ सालच्या 'हाउ हाय द मून' या गाण्यांत मेरी फोर्ड स्वतःच्याच आवाजाशीं अनेक सुरांत गाते, तें न्यूयॉर्कमधील राहत्या घरांत झालेलें काम आहे.

या पद्धतींत केवढें धाडस होतें! नवा थर लिहितांना जुना पुसला जाई; दहाव्या वेळीं चूक झाली तर आधींच्या नऊ वेळांचे श्रम बुडाले. जुना आवाज तारेतून टेपकडे जातच असे. तोच जर हवेतूनहि मायक्रोफोनांत शिरला, तर त्याची दुहेरी छाया पडे, आणि दर थरागणिक ती वाढत जाई. लेस पॉल पत्नीला मायक्रोफोनच्या अगदीं जवळून गावयास लावी. त्या जवळीकीचा गोडवा लोकांना आवडला. पण घरांतला इतर आवाज मागें राहावा, हाहि तिचा लाभ होताच.

१९५७ सालीं अँपेक्स कंपनीचें आठ ट्रॅकांचें यंत्र लेस पॉलच्या घरीं आलें. प्रत्येक आवाजाला स्वतंत्र ट्रॅक मिळाला. आतां चूक झाली तर तेवढाच भाग पुन्हा गातां येऊं लागला. मात्र या सोयीनेंच गळती उघडी पाडली. एकत्र मिसळलेल्या साथींत ती लपून राहत असे. एकटा गायनाचा ट्रॅक ऐकतांना तिला आडोसा उरला नाहीं. त्यांत १९६८ सालीं जर्मनीच्या सेनहायझर कंपनीनें पिवळ्या स्पंजाच्या गाद्यांचा 'एचडी ४१४' हा उघड्या पाठीचा हेडफोन काढला. कानाला हलका व श्रवणाला मोकळा म्हणून तो अफाट खपला. परंतु त्याचा मोकळेपणा दोन्ही बाजूंचा असतो, आणि गायनाच्या मुद्रणासाठीं असें यंत्र म्हणजे चाळणींत पाणी. १९७९ सालीं टिॲक कंपनीनें साध्या कॅसेटवर चार ट्रॅक देणारें 'पोर्टास्टुडिओ' विकावयास काढलें. त्याच यंत्रावर ब्रूस स्प्रिंगस्टीननें न्यू जर्सींतील भाड्याच्या घरांत जीं गाणीं नमुन्यादाखल मुद्रित केलीं, तींच १९८२ सालीं 'नेब्रास्का' या नांवानें तबकडीवर आलीं. घर व स्टुडिओ यांमधील भिंत तेव्हांपासून पातळ होत गेली.

बंद पाठीचा हेडफोन वापरावा, हा सर्वश्रुत उपाय योग्यच आहे. परंतु दोन समजुती तपासून घेतल्या पाहिजेत. पहिली मायक्रोफोनविषयींची. बेंजामिन बाउअर यानें रचलेला शूर कंपनीचा 'युनिडाइन' १९३९ सालीं निघाल्यापासून एका दिशेनें ऐकणारे, मागील बाजूस बहिरे असे मायक्रोफोन सर्वत्र रुळले. अशा मायक्रोफोननें हेडफोनची गळती थांबेल असें पुष्कळांना वाटतें. पण त्याची बहिरी बाजू गायकाच्या विरुद्ध दिशेस असते, आणि गायकाचे कान तर त्याच्या तोंडाबरोबर मायक्रोफोनच्या ऐकत्या बाजूलाच येतात! दुसरी समजूत जवळ जाण्याची. तोंड ३० सेंटिमीटरांवरून १० सेंटिमीटरांवर आणलें तर गायन सुमारें साडेनऊ डेसिबेलनें वाढतें, हें खरें. पण डोकें पुढें झालें म्हणजे कानहि पुढें होतात. ते तोंडामागें १२ सेंटिमीटर धरले, तर गळतीहि साडेपांच डेसिबेलनें वाढते. निव्वळ लाभ उरतो चारांचा. तेवढाच लाभ हेडफोनचा आवाज चार डेसिबेलनें उतरवून मिळतो, कारण तेथें उतरविलेला प्रत्येक डेसिबेल गळतींतून पुरता वजा होतो.

मग गायक आवाज कां उतरवीत नाहीं? एतियेन लोंबार या फ्रेंच वैद्यानें १९११ सालीं दाखविलें कीं, कानांवर गोंगाट पडला म्हणजे मनुष्य नकळत घसा ताणतो. साथ मोठी, म्हणून गायक मोठ्यानें गातो. स्वतःचा आवाज ऐकूं यावा म्हणून तोहि वाढवून घेतो. म्हणून साथ हलकी करावी ती निवडीनें. सर्व वाद्यवृंद कानांत ओतण्यापेक्षां सुरासाठीं तंबोरा व लयीसाठीं ठेका एवढेंच दिलें, तर पुष्कळांचें भागतें. तंबोऱ्याची गळती शेवटच्या मिश्रणांतहि तंबोरा राहणार असेल तर कोणाला खटकणार नाहीं. पण साथ मागाहून बदलावयाची असेल किंवा गायनाचे सूर यंत्रानें सुधारावयाचे असतील, तर सरकलेल्या सुराशेजारीं न सरकलेलें भूत उभें राहतें.

हेडफोन मुळींच सोसत नसलेल्या गायकासाठीं जुन्या ध्वनिमुद्रकांची एक सुंदर युक्ति आहे. दोन लाउडस्पीकर मायक्रोफोनपासून समान अंतरावर ठेवून दोहोंना एकच साथ द्यावी, व एकाच्या तारा उलट जोडाव्या. एकाचा पडदा पुढें येतांना दुसऱ्याचा मागें जातो, आणि मायक्रोफोनच्या ठिकाणीं दोन्ही आवाज बव्हंशीं एकमेकांना खोडतात. लहान घरांत भिंतींचे पडसाद हा हिशेब बिघडवितात, हें मात्र खरें.

उरते ती एका कानाची संवय. आपला नैसर्गिक सूर ऐकूं यावा म्हणून अनेक गायक एक गादी कानामागें सारतात. ती संवय मोडण्याचा हट्ट नको, कारण त्यांचा सूर तीवरच टिकलेला असतो. पण ती मोकळी वाटी डोक्याला घट्ट टेकलेली असावी, किंवा त्या बाजूचा आवाज बंद करून साथ दुसऱ्या कानांत द्यावी. आणि गाण्याचा शेवटचा स्वर विरत असतांना तालयंत्राची टिकटिक आधींच थांबवावी. आवाजाचे चढउतार सपाट करणारा कॉम्प्रेसर मागाहून शांत जागा वर उचलतो, आणि गळती सर्वांत अधिक ऐकूं येते ती तेथेंच.