माजुलीच्या काठावर, तीन शतकं

साल 1690च्या आसपासचं धरा. आसामात आहोम राजांची सत्ता आहे आणि तुम्ही दोन नद्यांच्या मधल्या लांबट पट्ट्यावर उभे आहात. उत्तरेला लुईत, म्हणजे आपली ब्रह्मपुत्रा. दक्षिणेला दिहिंग. दोघी बराच पल्ला शेजारी-शेजारी वाहतात आणि पश्चिमेला एकमेकींना मिळतात. मधली जमीन सखल, गाळाची, जागोजाग बिलं. ‘बिल’ म्हणजे नदीने सोडून दिलेली तळी. पहाटे नामघरातून, म्हणजे प्रार्थनागृहातून, खोल नावाचा ढोल वाजल्याचा आवाज येतो आणि त्यामागून मोठ्या झांजांचा. संत शंकरदेवांना जाऊन सव्वाशे वर्षं होत आली, पण त्यांनी पेरलेला वैष्णव धर्म इथे सत्रांमधून, म्हणजे मठांमधून, नांदतो आहे. औनिआटी सत्र राजा जयध्वज सिंहाने 1653मध्ये स्थापन केलं. तिथले भकत, म्हणजे मठात राहणारे भक्त, ब्रह्मचारी. मधे नामघर, भोवती त्यांच्या राहण्याच्या लांब ओळी. शेती, हस्तलिखितं, नृत्य, मुखवटे, सगळं याच आवारात चालतं.

तुम्ही ज्या जमिनीवर उभे आहात, तिला अजून बेट म्हणायची वेळ आलेली नाही.

ती वेळ साठेक वर्षांत येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस भूकंप आणि पूर लागोपाठ येत राहतात आणि 1750मध्ये असा पूर येतो की पाणी पंधरा दिवस हटत नाही, असं सांगतात. ब्रह्मपुत्रा आपली उत्तरेकडची वाट टाकते आणि दक्षिणेला, दिहिंगच्या पात्रात घुसते. जुन्या वाटेवर उरते ती खेरकुटिया नावाची बारीक धार. तिला पश्चिमेकडे सुबनसिरी येऊन मिळते. आता चहूबाजूंनी पाणी आहे. ही माजुली.

इथून दोनशे वर्षं ओलांडा. मधल्या काळात सियांगच्या डोंगरांकडून उतरलेले मिसिंग लोक नदीकाठाने वसले आहेत. देउरी आहेत, सोनोवाल कछारी आहेत, सत्रांभोवतीची असमिया गावं आहेत. दक्षिण काठावर सालमोराला कुंभारांची वस्ती आहे. तिथे थोडा वेळ थांबाच. बाई जमिनीवर बसली आहे आणि तिच्यापुढे चाक नाही. मातीचा गोळा ती हातानेच फिरवते, आतून आधार देत बाहेरून थापते आणि बघता बघता मडक्याचं पोट सारखं होत जातं. भट्टीला पुरात वाहून आलेली लाकडं लागतात. भाजलेली मडकी नावेत भरून पुरुष गावोगाव निघतात. माती नदीची, जळण नदीचं, बाजाराची वाटही नदीचीच.

विसाव्या शतकाच्या आरंभी माजुलीचं क्षेत्रफळ सुमारे 1250 चौरस किलोमीटर धरलं जात होतं. हा आकडा लक्षात ठेवा.

आता 15 ऑगस्ट 1950, संध्याकाळचे साडेसात वाजून गेले आहेत. तुम्ही एका मिसिंग कुटुंबाच्या चांगघरात बसला आहात. हे घर बांबूच्या खांबांवर उचललेलं असतं, खाली डुकरं, कोंबड्या आणि माग, वर माणसं. मधल्या चुलीवर भात शिजतो आहे. आधी खांब करकरतात, मग सगळं घर आडवं झुलू लागतं. जमिनीवरचं पक्कं घर अशा वेळी कोसळतं, बांबूचं तग धरतं. खाली उतरून बघता तर जमिनीला भेगा गेल्या आहेत आणि त्यांतून वाळू नि पाणी वर येतं आहे. 8.6 तीव्रतेचा हा धक्का आहे, जमिनीवर आजवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी एक.

खरा घाव पुढे बसतो. डोंगरात दरडी कोसळून सुबनसिरीचा मार्ग अडतो. तो बांध आठवडाभराने फुटतो आणि सात मीटर उंचीची लाट खाली येते. त्या एका लाटेत पाचशेहून अधिक माणसं जातात.

दरडींचा उरलेला गाळ पुढची कित्येक वर्षं ब्रह्मपुत्रेत येत राहतो. वर दिब्रुगढजवळ नदीचा तळ जवळपास तीन मीटरने उचलला जातो. तळ वर आला की पाणी आडवं पसरतं, पात्र रुंदावतं आणि काठ खाऊ लागतं. माजुलीची आजची गोष्ट इथे सुरू होते, आणि माझ्या मते तिच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी सत्रांच्या सौंदर्याआधी ही गोष्ट सांगायला हवी.

जमीन कशी जाते, ते जवळून पाहायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दक्षिण काठावर या. पूर ओसरतो आहे, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला आहे. पण काठाच्या कड्याकडे पाहा: वरचा हात-दोन हात थर चिकणमातीचा, त्यावर भाताची मुळं, आणि खाली नुसती बारीक वाळू. महिनाभर ती पाणी पिऊन जड झाली आहे. बाहेरून टेकू देणारं नदीचं पाणी उतरतं, आतलं पाणी वाळूला घेऊन बाहेर येतं आणि वरचा थर अधांतरी राहतो. आधी कड्यापासून चार पावलं आत एक केसासारखी रेघ दिसते. मग ती बोटभर होते. मग सुपारीच्या झाडांसकट सगळा तुकडा उभाच्या उभा खाली बसतो. लोक याला गराखहनीया म्हणतात. पुराचं पाणी निघून जातं आणि शेत परत मिळतं, गराखहनीयाने नेलेलं शेत परत येत नाही. पलीकडे कुठेतरी त्याच मातीची चापोरी, म्हणजे नदीतली नवी चर, तयार होते, पण तिच्यावर तुमचा सातबारा चालत नाही.

1997चा उन्हाळा. काठावर बांबू आणि श्रमदान यांच्या जोरावर शेकडो गावकरी नदीला थोपवू पाहत आहेत. त्यांना एकत्र आणणारा माणूस संजय घोष. आणंदला ग्रामीण व्यवस्थापन शिकलेला, राजस्थानच्या वाळवंटात वर्षानुवर्षं काम करून इथे आलेला. पावणेदोन किलोमीटरच्या आसपास काठ त्यांनी अशा रीतीने राखायला घेतला. 4 जुलै 1997 रोजी उल्फा या सशस्त्र बंडखोर संघटनेने घोष यांचं अपहरण केलं आणि त्यांना मारलं. त्यांचा मृतदेह कधी मिळाला नाही. ठेकेदार आणि अभियंत्यांशिवायही काठ राखता येतो, हे या कामाने दाखवलं. त्या माणसाचं नाव आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं.

आता 16 फेब्रुवारी 2011, बुधवार. नदी उतरली आहे, पांढरी वाळू डोळे दिपवते. मिसिंगांचा आली-आये-लिगांग आज आहे, फागुनातला पहिला बुधवार, पेरणीचा सण. पानात बांधून उकडलेला भात, पुरांग आपिन, प्रत्येक घरात आहे आणि आपोंगचे, म्हणजे तांदळाच्या मद्याचे, वाडगेही. याच पंधरवड्यात देशाची जनगणना चालू आहे. तुम्ही प्रगणक मास्तरांबरोबर खाचा पाडलेल्या ओंडक्यावरून चांगघरात चढता. आजीला विचारलं जातं: आधी कुठे राहत होतात? ती नदीकडे हात करते. गाव बदललं का? हो. कारण?

मास्तरांच्या हातातल्या पत्रकात कारणं ठरलेली आहेत: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर स्थलांतर, कुटुंबाबरोबर स्थलांतर, इतर. नदीने घर नेलं याला रकाना नाही. मास्तर ‘इतर’वर खूण करतात. शेजारच्या घराची तर तेवढीही नोंद होत नाही. ते कुटुंब मथाउरीच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे हललं, पण गावाची हद्द तीच राहिली. गाव बदललं नाही म्हणजे कागदावर स्थलांतर झालंच नाही.

त्या गणनेत माजुलीची लोकसंख्या भरते 1,67,304. दहा वर्षांपूर्वी ती 1,53,362 होती. जवळजवळ निम्मी माणसं अनुसूचित जमातींची. आता हा आकडा जमिनीला भागून पाहा. गिनेसच्या नोंदीतलं 880 चौरस किलोमीटर घेतलं तर चौरस किलोमीटरला 190 माणसं येतात. 2014साठी दिलं जाणारं 352 घेतलं तर 475. माणसं तीच, फरक पडतो तो जमीन कशाला म्हणायचं यावर. दोन्हींपैकी कुठलाही आकडा धरला, तरी शतकभरापूर्वीच्या 1250मधला मोठा हिस्सा पाण्यात गेलेला आहे.

सप्टेंबर 2016. माजुली जोरहाट जिल्ह्यापासून वेगळी होऊन स्वतंत्र जिल्हा होते, नदीतल्या बेटाचा देशातला पहिला जिल्हा. अडलेली बाई किंवा कोर्टाची तारीख, आजवर प्रत्येक गोष्टीसाठी कमलाबारीच्या घाटावरून निमाती घाटाला जाणारी बोट धरावी लागे आणि अंधार पडला की ती बंद होई. कलेक्टर कचेरी बेटावर आली, हे मोठंच काम झालं. 2021मध्ये आठ किलोमीटरच्या पुलाचं भूमिपूजनही झालं.

पण पूल माणसांची ने-आण करील, गेलेली जमीन देणार नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या: महाराष्ट्राने 1976मध्येच प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. धरणाने जमीन घेतली तर दाखला मिळतो, तो दाखवून माणूस निदान भांडू तरी शकतो. नदीने जमीन घेतली तर माजुलीतल्या शेतकऱ्याच्या हातात असा कुठलाच कागद येत नसे. पूर आपत्तींच्या यादीत होता, धूप कित्येक वर्षं नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाने धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी वेगळी तरतूद सुचवली, तेव्हा कुठे दिल्लीने याची दखल घेतली.

पुढची जनगणना 1 मार्च 2027 ही तारीख धरून होणार आहे. तेव्हा प्रगणक त्या चांगघरात पुन्हा चढेल आणि तोच प्रश्न विचारील. त्या आजीचं उत्तर ‘इतर’मध्ये जमा होऊ देऊ नका. नदीने नेलेल्या घराची नोंद त्याच नावाने व्हावी आणि त्या नोंदीवर तिला जमीन मिळावी, एवढी मागणी आपण सगळ्यांनी तिच्या बाजूने करायला हवी.